लग्नाचा फोटोग्राफर व्हायचंय? हाताखालच्या पहिल्या लग्नसराईपासून स्वतःच्या पहिल्या ऑर्डरपर्यंत

"कोणता कॅमेरा घेऊ?" या कामात उतरायचं ठरवलेली मुलं-मुली मला पहिला प्रश्न हाच विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: अजून घेऊ नका. आधी एक लग्नसराई दुसऱ्याच्या हाताखाली काढा.

तालुक्याच्या गावी राहून फोटोग्राफीवर पोट भरायचं म्हटलं, तर जाहिरातींची किंवा फॅशनची कामं लगेच चालून येत नाहीत. चालून येतं ते लग्न. म्हणून हा लेख लग्नाच्या फोटोग्राफीपुरताच आहे, आणि तोही मुख्यतः मराठी लग्नांपुरता, कारण मला तेच नीट ठाऊक आहे. मी कऱ्हाड-साताऱ्याच्या बाजूला काम करते. पहिल्या लग्नसराईत माझ्या हातात कॅमेरा नव्हता, लाइटचा स्टँड होता.

आधी हाताखाली

ज्या स्टुडिओचे अल्बम तुम्हाला मनापासून आवडतात तिथं जा आणि सरळ सांगा, "मला असिस्टंट म्हणून यायचंय. लाइट धरीन, बॅगा सांभाळीन." तुळशीचं लग्न लागलं की तिथी सुरू होतात आणि दाट तिथीला प्रत्येक स्टुडिओला माणसं कमी पडतात. त्यामुळं दिवाळीच्या आधीच जाऊन भेटा. रोज किती मिळणार, जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा, रात्र झाली तर परत कसं यायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. फुकट राबू नका. शिकायला मिळतंय म्हणून पैसे नकोत असं म्हणायची सवय लागली, की पुढं स्वतःच्या कामाचे पैसे मागतानाही जीभ अडखळते.

मुलींसाठी थोडं वेगळं सांगते. घरच्यांचा नकार बहुतेक वेळा कामाला नसतो, रात्रीच्या प्रवासाला असतो. मी आई-बाबांना स्टुडिओत नेऊन, ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या दादांची भेट घालून दिली, कोणत्या तारखेला कोणत्या गावी जायचंय ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं, आणि प्रश्न बराचसा सुटला. या क्षेत्रात बाईला एक मोठी जमेची बाजू आहे. नवरीच्या खोलीत तयारी चालू असताना तुम्ही सहज आत जाऊ शकता. आई मुलीच्या हातात चुडा भरते, आजी नथ नीट करते, मैत्रिणी हसतात-रडतात. तिथला मोकळेपणा पुरुष फोटोग्राफरला क्वचितच मिळतो.

दादांनी मला पहिल्या आठवड्यात एवढंच सांगितलं होतं: फोटो नंतर शिक, आधी उभं राहायला शिक. त्याचा अर्थ दहा-बारा लग्नांनंतर कळला. प्रत्येक विधीच्या पाच मिनिटं आधीच ते जागेवर जाऊन उभे असायचे. मी एक छोटी वही केली. विधी कोणता, किती वेळ चालला, कोण कुठं बसलं होतं, उजेड कुठून होता, दादा कुठं उभे होते, हे रात्री घरी आल्यावर लिहायचे. ही वही तुम्हीही करा.

आणखी एक गोष्ट. स्टुडिओसाठी काढलेले फोटो स्वतःच्या नावानं इन्स्टाग्रामवर टाकू नका. पाच-दहा फोटो वापरू का, असं आधीच विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. न विचारता टाकणाऱ्याचं नाव मात्र गावात फार लवकर खराब होतं.

विधी पाठ असतील तरच फोटो मिळतो

लग्नातला सगळ्यात मोठा क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. अंतरपाट दूर होतो, दोघं एकमेकांकडं पाहतात, हार पडतात. पुन्हा एकदा करा असं कोणालाही सांगता येत नाही. पण हा क्षण येण्याआधी सांगून येतो. एकेका मंगलाष्टकाच्या शेवटी "सावधान" होत राहतं, आणि शेवटी गुरुजी "तदेव लग्नं सुदिनं तदेव" म्हणायला लागतात. ते शब्द कानावर पडले की बोट शटरवर ठेवायचं आणि डोळा काढायचा नाही.

पहिल्यांदा माझ्या हातात दुसरा कॅमेरा आला, तेव्हा नेमक्या त्याच वेळी मी आधीचा फोटो कसा आलाय ते स्क्रीनवर बघत होते. वाजंत्री वाजली, मान वर केली तर अंतरपाट गेलेला होता. दादांकडं तो फोटो होता म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा नियम आहे: मंगलाष्टकं सुरू झाली की स्क्रीन बघायची नाही. सेटिंग आधीच तपासून ठेवायचं.

जागासुद्धा आधीच ठरवा. नवरीमागं मामा उभा असतो, अंतरपाट धरणारे दोघं असतात, व्हिडिओवाला असतो आणि अक्षता टाकायला पाहुणे उठून उभे राहतात. समोरून काढायला जाल तर पडद्यामागं अडकाल. मी अंतरपाटाच्या रेषेत, एका टोकाला थोडी उंचावर उभी राहते, म्हणजे दोन्ही चेहरे बाजूनं दिसतात. व्हिडिओवाल्याशी आधीच बोलून घेते: तू त्या टोकाला, मी या टोकाला. दोन मिनिटांचं हे बोलणं झालं नाही, तर सगळ्या फोटोंत त्याची पाठ येते. अक्षतांचंही भान ठेवा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ मारला तर लेन्सजवळून जाणारे दाणे पांढरे डाग होऊन चेहऱ्यावर बसतात. फ्लॅश स्टँडवर बाजूला ठेवला तर हेच दाणे सुंदर चमकतात.

बाकीच्या विधींत घाई कमी असते, पण प्रत्येकात एक नेमका क्षण दडलेला असतो. गौरीहर पुजताना नवरी एकटी बसलेली असते. दिवसभरात तिला मिळणारी शांत मिनिटं बहुधा तेवढीच. तिथं दुरून, फ्लॅश न मारता काढा. लाजाहोमात धूर डोळ्यांत जातो, म्हणून वारा ज्या बाजूनं येतोय त्याच बाजूला थांबा. त्याच वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. फोटो कानाचा नसतो, भोवती हसणाऱ्या माणसांचा असतो, म्हणून थोडं मागं सरकून रुंद घ्या. झाल, म्हणजे दिव्यांची टोपली, डोक्यावर धरतात तेव्हा फ्लॅश बंद करा आणि दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर पडू द्या. सूनमुखात सासू आरशात सुनेचा चेहरा पाहते. तिथं फ्लॅश आरशात दिसणार नाही असा कोन आधी शोधून ठेवावा लागतो. गृहप्रवेशाला माप ओलांडताना जमिनीलगत, घराच्या आतून बाहेर बघत काढा. म्हणजे तुम्हाला वरातीच्या आधीच घरात पोहोचायला हवं.

हा क्रम सगळीकडं सारखा नसतो. जातीनुसार, गावानुसार, घरानुसार बदलतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नात अंतरपाट नसतो. त्रिशरण, पंचशील होतं, आणि बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढं वधूवर हात जोडून उभे असतात तो फोटो घराला हवा असतो. सत्यशोधक पद्धतीत पुरोहित नसतो, तिथं वधूवरांनी एकमेकांना दिलेलं वचन हाच गाभा. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी घरातल्या थोरल्या बाईशी बसून क्रम लिहून घ्या, आणि लग्नाच्या दिवशी गुरुजींना किंवा विधी लावणाऱ्याला आधी भेटून नमस्कार करा. मुहूर्त किती वाजता, नवरी कोणत्या बाजूला उभी राहणार, होमाजवळ कुठवर आलेलं चालेल, हे त्यांनाच विचारा. ज्याला आधी विचारलंय तो गुरुजी ऐन वेळी एक क्षण थांबतोसुद्धा.

मांडवातला उजेड

हा भाग शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळं मेनवर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/५००, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग उघडं ठेवलं तर एक फोटो उजळ, दुसरा काळपट आणि तिसऱ्यावर आडवे पट्टे असं होतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की हा त्रास बहुतेक जातो. स्वस्त एलईडी पट्ट्यांचं गणित मात्र वेगळं असतं, म्हणून हॉलवर पोहोचल्याबरोबर चार-पाच फोटो काढून पाहा. १/१०० ला हार घालणारा हात थोडा हलतो. तिथं फ्लॅशचा आधार घ्यायचा, कारण फ्लॅश त्या हाताला गोठवतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत १/२०० च्या आसपासपर्यंतच जाता येतं, हेही लक्षात ठेवा.

दुसरी अडचण रंगांची. स्टेजवरचा जांभळा किंवा निळा पार लाइट थेट नवरीच्या चेहऱ्यावर पडला तर तो रंग नंतर संगणकावरही नीट निघत नाही. लाइटवाल्याला आधी भेटा, चहा पाजा, आणि एवढंच मागा: मुहूर्ताच्या वेळी समोरून पांढरा ठेव, रंग मागच्या पडद्यावर टाक. माझा अनुभव असा की नीट सांगितलं तर तो ऐकतो.

हळद बहुतेक वेळा दुपारी, कापडी मांडवाखाली असते. पिवळ्या-गुलाबी कापडातून येणारं ऊन सगळ्या कातडीवर तोच रंग चढवतं. तिथं ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप ठरवलेल्या रंगावर, विसंबू नका. पांढरा कागद किंवा ग्रे कार्ड धरून हातानं ठरवा. शक्य असेल तर पाट मांडवाच्या कडेला, बाहेरचा मोकळा उजेड येईल असा मांडायला सांगा. हॉलचं छत पांढरं असेल तर फ्लॅश वर मारून मऊ उजेड मिळतो. लॉनवर छतच नसतं आणि रंगीत शामियान्यात फ्लॅश तोच रंग घेऊन खाली येतो. अशा वेळी फ्लॅश स्टँडवर, छत्री लावून, बाजूला. असिस्टंटची किंमत तिथं कळते.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, फार उघडायचा मोह आवरा; एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड जास्त उघडं. एफ १.८ ला एकट्या नवरीचा फोटो देखणा येतो, पण दोघांच्या फोटोत एकाचे डोळे धूसर येतात. दोघांना एफ २.८ ते ४, तीन रांगांच्या ग्रुपला ५.६ ते ८.

काय विकत घ्यायचं, काय भाड्यानं

एक लग्नसराई झाली, वही भरली, आता साधनं. स्वतःची म्हणून एक बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घ्या, सेकंडहँड चालेल, पण दोन कार्डांची जागा असलेलीच घ्या, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरतो. लग्नाच्या कामात मी याला मेगापिक्सेलपेक्षा कितीतरी जास्त महत्त्व देते. सोबत ३५ किंवा ५० मिमीची एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स, एक फ्लॅश, तो दुरून उडवायचा ट्रिगर, चार संच बॅटऱ्या. २४-७० आणि ७०-२०० एफ २.८ या लेन्स सुरुवातीला भाड्यानं आणा. दुसरी बॉडीसुद्धा भाड्यानं आणा, पण प्रत्येक ऑर्डरला आणाच. एकाच कॅमेऱ्यावर कोणाचंही लग्न घेऊ नका.

सेकंडहँड बॉडी घेताना शटर किती वेळा पडलंय ते तपासा, रिकाम्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघा, दोन्ही कार्डांत फोटो जातोय ना ते बघा, आणि बिल मागा. बिल नसलेला कॅमेरा चोरीचा असू शकतो.

कर्ज काढायचंच असेल तर बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करा. त्यातल्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण हप्ता बारा महिने असतो आणि लग्नं बारा महिने नसतात. चातुर्मासात तिथी नसतात, पौषात शुकशुकाट असतो, आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. २०२६ मध्ये तो ज्येष्ठात, म्हणजे ऐन हंगामात आहे. कर्ज घेण्याआधी पंचांग उघडून कामाचे महिने मोजा.

दर ठरवताना

नवीन मुलं शेजारच्या स्टुडिओचा दर विचारतात आणि त्यातून पाच हजार कमी करून सांगतात. असं केलं की दोन वर्षांत कॅमेरा झिजतो आणि नवा घ्यायला पैसे उरत नाहीत. हिशोब खालून वर करा.

उदाहरण म्हणून आकडे घेऊ. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, संगणक मिळून २,४०,००० रुपये घातले. हे सामान चार वर्षं चालेल आणि वर्षाला ४० लग्नं होतील असं धरलं, तर १६० लग्नांत हा खर्च वसूल व्हायला हवा. म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागं १,५०० रुपये फक्त झिजेचे. त्यावर दुसऱ्या फोटोग्राफरचा आणि व्हिडिओवाल्याचा रोज, असिस्टंट, गाडी, भाड्याच्या लेन्स, अल्बमची छपाई, डिझायनरचे पैसे. आणि तुमचे दिवस: हळद आणि लग्न मिळून दोन, फोटो निवडायला आणि रंग दुरुस्त करायला चार-पाच, अल्बमच्या दुरुस्त्यांना एखादा. म्हणजे एका लग्नाला आठवडा जातो. आठवड्याची मजुरी धरली नाही तर तो दर खोटा आहे. वर्षाला ४० हाही आकडा पहिल्या वर्षी गाठता येत नाही, तेव्हा झीज आणखी जास्त धरा.

अल्बमचा दर शीटवर सांगा. १२ बाय ३६ इंचाची शीट, किती शीट, कोणता कागद, पॅड आणि बॅग धरून की वेगळी, सगळं आधी. जास्तीच्या शीटचा दरही लिहून द्या, कारण घरचे फोटो निवडायला बसले की शीट वाढतातच.

एका पानाचा करार

ओळखीतलं लग्न असलं तरी करार करा. मराठीत, एका पानावर. त्यात तारखा आणि कार्यक्रम, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माणसं येणार, किती फोटो दुरुस्त करून देणार, अल्बम किती शीटचा, तारीख बदलली किंवा लग्न मोडलं तर विसाराचं काय, हे सगळं यावं. पैशांचे तीन टप्पे ठेवा: तारीख धरताना एक भाग, मोठा भाग लग्नाच्या दिवसापर्यंत, आणि थोडा अल्बम हातात देताना. एक कलम आवर्जून घाला: अल्बमसाठी फोटो निवडून किती दिवसांत द्यायचे. एका ऑर्डरमध्ये निवड आठ महिन्यांनी आली आणि तोवर माझी उरलेली रक्कम अडकून पडली होती. तेव्हापासून हे कलम माझ्या करारात ठळक अक्षरात असतं.

फोटोंच्या हक्काबाबत बऱ्याच फोटोग्राफरांचा गैरसमज आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे नवरीचा फोटो तुमच्या पेजवर टाकायचा तर करारात तशी लेखी परवानगी हवी. कायद्याचं सोडा, त्या मुलीला नको असेल तर टाकू नये. मी करारात हो आणि नाही अशा दोन चौकटी ठेवते आणि खूण नवरा-नवरीकडूनच करून घेते.

कागदपत्रांचं फार ओझं नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. दुकान टाकलं तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंदणी, लागतो. कामगार थोडेच असतील तर फक्त सूचना द्यावी लागते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी. ड्रोनसाठी मात्र नियम कडक आहेत: २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. ग्राहक हट्ट धरतो म्हणून मित्राचा ड्रोन आणून गर्दीवर उडवू नका.

पहिली ऑर्डर

ती नात्यातून येते. पण स्वतःच्या आतेबहिणीच्या लग्नात आधीच दुसरा फोटोग्राफर ठरलेला असेल, तर कॅमेरा घेऊन त्याच्या पुढं उभं राहू नका. त्याला विचारा आणि तो जिथं नाही तिथले फोटो काढा: रुखवत मांडणाऱ्या मावश्या, पंगत वाढणारी मुलं, मांडवाच्या दाराशी बसलेले आजोबा. एका अख्ख्या लग्नाचे, सकाळपासून पाठवणीपर्यंतचे, ६०-७० चांगले फोटो एकत्र दाखवता आले की लोक विश्वास टाकतात. दहा लग्नांतले निवडक दहा सुंदर चेहरे दाखवून तो विश्वास येत नाही.

रिकाम्या महिन्यांत डोहाळजेवण, बारसं, गावातल्या दुकानांचा माल, शाळेची ओळखपत्रं, गणेश मंडळं अशी कामं घ्या. पैसे थोडे असतात, पण त्याच घरांतून पुढं लग्नं येतात.

कार्ड घरी आल्यावर

लग्नाच्या सकाळी टीममधल्या सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. हे राहिलं तर तीन कॅमेऱ्यांचे फोटो क्रमानं लावताना दोन दिवस जातात. भरलेलं कार्ड वेगळ्या पाकिटात, पाकीट अंगावर, बॅगेत नाही. घरी आल्यावर कितीही रात्र झाली असली तरी झोपण्याआधी कॉपी करा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं साठवलेली मूळ फाइल, २५-३० एमबीची धरली तर २,००० फोटोंना साधारण ५० ते ६० जीबी लागतात. एक प्रत संगणकावर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. दोन प्रती उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

अल्बम दिल्यानंतरही डेटा ठेवा. किती वर्षं ठेवणार ते करारात लिहा, पण जमेल तोवर त्याहून जास्त ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी फोन येतो आणि पलीकडचा आवाज खाली आलेला असतो. "ताई, आमचे आजोबा गेले. लग्नात त्यांचा एखादा चांगला फोटो निघाला होता का? भिंतीवर लावायचाय." तुमच्या अल्बममध्ये बहुधा तो नसतो, कारण निवड करताना सगळ्यांनी नवरा-नवरीचे फोटो घेतलेले असतात. म्हणून मी प्रत्येक लग्नात मुहूर्ताआधी, माणसं ताजी असताना, पुढच्या रांगेतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एकेकट्याचा फोटो काढते. खिडकीच्या उजेडात, टोपी किंवा पदर नीट करून, दोन मिनिटं गप्पा मारून. घरी आल्यावर ते फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते आणि फोल्डरला गाव, आडनाव आणि लग्नाची तारीख देते, म्हणजे फोन आला की तो फोटो त्याच संध्याकाळी पाठवता येतो. त्याचे पैसे मी घेत नाही.